टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं, गोळी बंद करावी का?

मृद्गंध: वडील ५८ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी दोन्ही. क्रिएटिनिन (किडनी कमी गाळू लागली की रक्तात वाढणारा घटक) १.७ होतं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ४६. लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० सुरू झाली. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.९, ईजीएफआर ४०, पोटॅशियम ५.३. आता ते गोळी सोडायच्या बेतात आहेत, शिवाय 'किडनी धुऊन निघते' म्हणून रोज चार लिटर पाणी पितात. जेवणात लो-सोडियम मीठ.

गाळणी: १.७ वरून १.९ म्हणजे साधारण १२ टक्के वाढ. या गटातल्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. किडनीतल्या गाळण्यांमधून रक्त बाहेर नेणारी बारीक रक्तवाहिनी ही गोळी सैल करते. आतला दाब उतरतो, गाळणं थोडं कमी होतं आणि प्रोटीनची गळतीही कमी होते. तेवढ्यासाठीच तर ती दिलीय! स्वतःहून बंद करू नका. वाढ ३० टक्क्यांच्या पुढे गेली किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं, तर लगेच डॉक्टरांना कळवा. ६ च्या वर असेल तर थेट इमर्जन्सी.

औषधपेटी: पोटॅशियम वाढण्यामागे माझा पहिला संशय त्या मिठावर. लो-सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. वर टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवते. ते मीठ आजच थांबवा. साधंच मीठ घ्या, पण दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. पाकीटबंद पदार्थांतलंही त्यातच धरायचं. पोटॅशियम पुन्हा तपासताना लॅबला 'नमुना हीमोलाइज झाला होता का' असं जरूर विचारा. रक्तपेशी फुटल्या की आकडा खोटाच वर दिसतो.

पाण्याने किडनी धुतली जात नाही. तहानेप्रमाणे प्यायचं, सूज असेल किंवा मुतखडे होत असतील तर किती ते डॉक्टर ठरवतील.

गाळणी: सगळ्यात मोठा धोका मात्र अजून कुणी विचारलाच नाही: उलट्या-जुलाब. शरीर कोरडं पडलेलं असताना टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी, हे तिन्ही एकत्र आले की किडनी एकदम बसू शकते. अशा दिवसांत कोणत्या गोळ्या थांबवायच्या (मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्याही विचारा) आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. अंगदुखीला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या डोसातच.

मृद्गंध: मीठ बदललं. लघवीची एसीआर (प्रोटीनची गळती मोजणारी तपासणी) कधी करू?

औषधपेटी: सकाळच्या पहिल्या लघवीची द्या. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम असेल तर पुढे ढकला. ३० (मिग्रॅ/ग्रॅम) च्या आत ठीक, ३०० च्या वर म्हणजे गळती बरीच आहे. आधीच्या लॅबमध्येच करा.