मदत हवी आहे: जिनिंगच्या सॉफ्टवेअरला जोडधंदा काय करावा?
राजेहो, जरा सल्ला द्या. हिंगणघाटकडे आम्ही जिनिंगवाल्यांसाठी (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) सॉफ्टवेअर बनवून देतो, काट्यावर गाडी चढली की वजन सरळ बिलात येते. दिवाळीपासून फोन थांबत नाही अन् कापूस सरला की माशा मारत बसतो, त्यात एखादं मोठं गिऱ्हाईक सुटलं की पगाराची बोंब. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी, तेवाले पण आधी टेलिकॉमवाल्यांसाठीच सॉफ्टवेअर बनवायचे, 2001 च्या मंदीत तिकडचे गिऱ्हाईक आटले, दुसरे प्रॉडक्ट काढले म्हणून टिकले. तर आम्ही कृषी केंद्राचं बिलिंग घ्यावं (तिथं काम खरिपात, पण उधारीची भीती वाटते बाप्पा) की याच जिनिंगवाल्यांना बॅकअप, जीएसटी, वर्षभराचा सर्व्हिस करार द्यावा? दोन्ही एकदम झेपत नाही. कोणी केलं असेल तर सांगा ना भाऊ, पैसे कशात सुटतात?