बाबांचं पोट साफ होत नाही, काकांना पार्किन्सन्स निघालाय… संबंध असतो का? कोल्हापूरकरांनी सल्ला द्या

कळंब्याची_पोर
नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, बद्धकोष्ठाचा त्रास लई जुना. एरंडेल झालं, इसबगोल झालं, सकाळचं गरम पाणी तर रोजचंच. आता त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाला पार्किन्सन्स (कंपवात) निघाला आणि तेव्हापासनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक व्हिडिओ पडतोय, आतडं म्हणजे दुसरा मेंदू, पोट बिघडलं की डोकं बिघडणार, ही पावडर घ्या अल्झायमर होणार नाही वगैरे वगैरे. माझा भाऊ तर पोटातल्या जंतूंची टेस्ट मागवायलाय, घरी डबी येते, नमुना भरून पाठवायचा, किंमत ऐकून आई म्हणाली तेवढ्यात म्हशीचा महिन्याचा पेंड-भुसा येतोय. तर यात खरं किती? टेस्ट करावी का? आणि आधी दाखवायचं कुणाला, पोटाच्या डॉक्टरला की मेंदूच्या? बाबा मिसळ सोडणार नाहीत हे आधीच सांगते.

पेठेतला_गडी
ताई मिसळीला कशाला मधे आणताय, मटकी आहे की त्यात, फायबरच ते. पाव एकच खावा आणि वरची तर्री जरा बेतानं, बास. बाकी जाणकार सांगतील, मी वाचायला बसलोय.

निवृत्त_मास्तर
कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो, डॉक्टर नाही, त्या हिशोबानं वाचा.

संबंध आहे, पण व्हिडिओवाले सांगतात तसा नाही. पार्किन्सन्सच्या बाबतीत पुरावा त्यातल्या त्यात दमदार. १८१७ साली जेम्स पार्किन्सननं या आजारावर पहिलं टिपण लिहिलं त्यातच शौचाची तक्रार नोंदवलीय. मग २००३ मधे हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं की अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रोटीन चुकीचं दुमडून गोळा होतं, त्याची सुरुवात काही जणांत आतड्यात नाहीतर नाकाच्या मज्जातंतूंत होत असावी आणि तिथनं ते व्हेगस नावाच्या नसेवाटे मेंदूकडं सरकत असावं. पूर्वी अल्सरवर हीच नस कापायचं ऑपरेशन करायचे. डेन्मार्कमधे तसल्या जुन्या पेशंटांच्या नोंदी २०१५ ला तपासल्या, ज्यांची नस मुळातनं कापली त्यांच्यात पुढं पार्किन्सन्स कमी दिसला, नुसत्या फांद्या कापल्या त्यांच्यात तसं काही दिसलं नाही. त्या आकड्यांवर वाद झालेत हेही सांगून ठेवतो.

आता तुमच्या कामाचं. अमेरिकेतल्या होनोलुलूत ६,७९० पुरुषांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं होतं, ज्यांना दिवसाला एकदाही होत नव्हतं त्यांच्यात पुढं पार्किन्सन्सचं प्रमाण रोज एकदा जाणाऱ्यांच्या २.७ पट निघालं. ऐकून घाबरू नका, कारण मुळात हा आजार कमी लोकांना होतो, त्यामुळं पट वाढली तरी बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेकांना तो होतच नाही. दुसरं म्हणजे पोटामुळं आजार झाला असं यातनं सिद्ध होत नाही, उलट आजारच आधी आतड्याच्या नसांत शिरला आणि हाताची थरथर दिसायच्या कितीतरी वर्षं आधी पोट मंदावलं असंही असू शकतं. कार्यकारण कुठल्या बाजूनं आहे ह्याच्यावरच अजून भांडण चाललंय आणि पावडरवाले मात्र निकाल लावून मोकळे!

अल्झायमरचं म्हणाल तर पेशंटांच्या पोटातल्या जंतूंत फरक दिसतो, उंदरांवर प्रयोग बरेच झालेत, पण माणसात पोट सुधारलं म्हणून अल्झायमर टळला असं कुणी दाखवलेलं नाही.

आईची_लेक
माझ्या आईला पार्किन्सन्स आहे म्हणून लिहिते. नुसत्या पोटावर जाऊ नका, सोबत काय काय आहे ते बघा. आईला फोडणीचा लसूण करपला तरी वास यायचा नाही, आम्ही म्हणायचो सर्दी असेल. झोपेत लाथा मारायची, ओरडायची, एकदा तर बाबांच्या तोंडावर बुक्की बसली. आणि वाण्याची यादी लिहायची त्यात पहिली ओळ नीट, खाली येईस्तोवर अक्षर मुंगीएवढं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा एकेक आठवायला लागलं. तुमच्या बाबांचं यातलं काही आहे का? असेल तर थेट न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर. नसेल तर आधी नेहमीचे फिजिशियन, उगा मोठ्या दवाखान्यात धावू नका. आपल्या सीपीआर सरकारी दवाखान्यात सुद्धा दाखवता येतं.

औषधवाला
मेडिकल चालवतो. ताई, बाबांच्या गोळ्यांची पिशवी घेऊन बसा आधी. पित्ताची गोळी (पँटोप्राझोल वगैरे) वर्षानुवर्षं चालू आहे का, शुगरची मेटफॉर्मिन आहे का? दोन्हीनं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी असतील तर अजूनच. बी-१२ घसरलं की मुंग्या येतात, विसरायला होतं, अन् घरचे म्हणतात म्हातारचळ. साधी रक्ताची तपासणी आहे, सोबत थायरॉइडपण करा, थायरॉइड मंद असला तरी पोट अडतं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, लघवीच्या काही गोळ्या यांनीपण घट्ट होतं. आणि इसबगोल लोक चमचाभर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पितात, काय उपयोग, उलट अडकतंय. मोठा ग्लासभर पाण्यात आणि दिवसभर पाणी चांगलं पाहिजे.

एक महत्त्वाचं राहिलं, शौचातनं रक्त, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, नाहीतर पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली असेल तर पोटाच्या डॉक्टरकडं आधी, तिथं मेंदूबिंदू बघत बसू नका.

मुळापासून_उपचार
ह्या सगळ्याला परदेशी संशोधन कशाला पाहिजे, आपल्याकडं कंपवातावर खाजकुयलीचं बी कधीपासनं देतात. काकांना सुरू करा, बाबांनापण आधीच द्या.

औषधवाला
दादा, खाजकुयलीत लेव्होडोपाच असतं, म्हणजे काकांच्या गोळीत जे आहे तेच. म्हणूनच गुण येतो आणि म्हणूनच वरनं आपल्या मनानं द्यायचं नाही, डोस डबल होतोय, चक्कर, उलट्या, अंग वेडंवाकडं हलणं सुरू होतंय. द्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्टला आणि वैद्यांना दोघांना सांगून. आणि बाबांना आजारच नाही तर कशाला?

शिरोळचा_ऊसवाला
विषय जरा बाजूचा आहे पण काका शेती करतात का? तणनाशकं अन् पार्किन्सन्सचा संबंध बऱ्याच अभ्यासात आलाय, पॅराक्वाटचं नाव तर हमखास. आमच्याकडं गडी उघड्या हातानं पंप भरतात, हातमोजे दिले तर हसतात. बाबा फवारणीला जात असतील तर पोटापेक्षा तिकडं बघा.

कळंब्याची_पोर
बाप रे, केवढं सांगितलंत सगळ्यांनी, लई आभार. वास येतोय बाबांना, मटण शिजायला लागलं की गल्लीच्या तोंडापासनं कळतंय. झोपेत बडबड नाही. पित्ताची गोळी मात्र व्हय, कैक वर्षं, कुणी बंदच केली नाही. मास्तर, टेस्टचं काय करू? भाऊ ऐकायला तयार नाही. आणि ताक-आंबील यानं काही होतं का?

औषधवाला
पित्ताची गोळी एकदम आपली आपण बंद करू नका हां, पित्त उसळी मारतंय. डॉक्टरांना विचारून कमी करत आणा.

निवृत्त_मास्तर
टेस्टचे पैसे वाचवा. निरोगी माणसाच्या पोटात नेमके कुठले जंतू किती असावेत याचं ठरलेलं माप नाही, त्यामुळं रिपोर्टात रंगीत गोल येतात पण त्यावरनं मेंदूच्या आजाराचा धोका सांगता येत नाही. खाणं बदललं की जंतूही बदलतात. आमच्या ओळखीत एकानं केली होती, रिपोर्टच्या शेवटी त्याच कंपनीची पावडर सुचवलेली.

ताक, दही, आंबील जरूर. स्टॅनफर्डमधे २०२१ ला ३६ निरोगी माणसांवर १० आठवड्यांचा प्रयोग झाला, आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या पोटातल्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या सुजेच्या खुणा कमी झाल्या. मेंदूचं त्यात काही तपासलेलं नाही. कढी उकळली की जिवंत जंतू मरतात, ताक प्यायचं तर थंडच. रेणुकेच्या यात्रेला वर्षातनं एकदा आंबील पिऊन भागत नाही म्हणा. प्रोबायोटिकचं (चांगल्या जंतूंच्या औषधाचं) म्हणाल तर मलेशियात पार्किन्सन्सच्या ७२ पेशंटांवर चार आठवडे चाचणी झाली, पोट साफ व्हायला मदत झाली. म्हणजे काकांना डॉक्टरला विचारून देता येईल, पण पोटासाठी, आजार थांबवायला नव्हे.

आणि स्मृतिभ्रंशाचीच भीती असेल तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात १४ कारणं दिलीत जी आपल्या हातात आहेत, सगळी आवरली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील असा अंदाज. बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, सिगरेट, दारू, व्यायाम नसणं, एकटेपणा, नजर कमी होणं, कमी ऐकू येणं वगैरे. पोटातल्या जंतूंचं नाव त्या यादीत नाही. बाबांना ऐकायला कसं येतं?

कळंब्याची_पोर
अहो मास्तर, टीव्हीचा आवाज शेजारच्या काकूंना ऐकू जातो! आम्ही समजतोय मुद्दाम दुर्लक्ष करतात. म्हणजे डबीच्या पैशात कानाची तपासणी करून घेते, भावाला हेच दाखवते.

आईची_लेक
बेस्ट. काकांसाठी एक सांगते, त्यांची लेव्होडोपाची गोळी दुधाबरोबर देऊ नका. प्रोटीन आणि औषध आतड्यात एकाच वाटेनं शिरतं, मग औषध मागं पडतं. आमच्या आईला गंगावेशीतलं म्हशीचं दूध आणि गोळी एकदम द्यायचो, गुणच यायचा नाही. आता जेवणाच्या अर्धा तास आधी पाण्याबरोबर देतो. मळमळलं तर एखादं साधं बिस्कीट चालतं.

कळंब्याची_पोर
काका तर दुधाशिवाय गोळीच घेत नाहीत! आत्ता काकूंना फोन लावते.