'टार्डी', 'बिलेटेड', 'ओव्हरड्यू' एकाच माळेत ओवू नका

घोडबंदरची_आई
काल इथे एकाने 'मुलांचं इंग्रजी सुधारा' म्हणून यादी टाकली. 'लेट' शब्द गुळगुळीत झालाय, त्याजागी टार्डी, बिलेटेड, ओव्हरड्यू, डिलेड वापरायला शिकवा, चौघांचा अर्थ एकच, निबंधाला मार्क वाढतात. खाली सगळ्यांनी अंगठे दिले. मला राहवलं नाही.

अर्थ एकच नाही हो! गाडी डिलेड होते, म्हणजे कुणीतरी किंवा कशानेतरी तिला अडवलेलं असतं. बिल ओव्हरड्यू होतं, लायब्ररीचं पुस्तक होतं, दिवस भरून तारीख उलटली तर बाळही. शुभेच्छा बिलेटेड असतात. कसारा लोकलला बिलेटेड म्हणून बघा, कोण ऐकून घेतं ते. आणि टार्डी? त्याचं मूळ लॅटिनमधलं 'टार्डस', म्हणजे मंद, सुस्त. तो माणसाला लागतो, त्याच्या ढिलाईवर बोट ठेवतो. अमेरिकेतल्या शाळांत हजेरीचा रोजचा शब्द आहे तो. आपल्या मुलांनी आयुष्यात 'लेट मार्क' सोडून दुसरं काही ऐकलेलं नसतं.

माझ्या मुलीच्या डायरीत लाल शाईने शेरा आलाय, 'हॅबिच्युअली टार्डी', म्हणजे सवयीने उशीर करणारी. खाली पालकांच्या सहीची रेघ. पोरगी सकाळी बूट घालून गेटवर उभी असते. उशीर बसला होतो, दोष तिच्या नावावर. म्हणून हा शब्द मला टोचतो.

शब्दसाधक_ठाणे
यादी माझी. मुलांना चार शब्द जास्त आले तर कुणाचं काय बिघडतं? पर्यायी शब्दांचा कोश उघडा, हे सगळे शेजारी शेजारी दिलेले आहेत. तुमचं भांडण शाळेशी आहे, ते माझ्या यादीवर का काढता?

नौपाड्याचे_मास्तर
आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणून बोलतो. कोशात शब्द शेजारी असतात ते जवळचे म्हणून, एकाच्या जागी दुसरा खपतो म्हणून नाही. मराठीतच बघा ना. वर्गणी थकते, पूल रखडतो, कारकून दिरंगाई करतो. 'वर्गणी रखडली' एक वेळ चालेल, पण 'पुलाने दिरंगाई केली' म्हणाल का? मात्र ताई, टार्डी फक्त माणसालाच लागतो असं समजू नका. टार्डी रिप्लाय, टार्डी पेमेंट असंही लिहितात. त्यातही उत्तर देणाऱ्याची ढिलाई सुचवलेली असते, एवढं तुमचं बरोबर.

ओवळ्याचा_भाऊ
शब्द राहू द्या, बसचं बोला. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत घोडबंदर रस्ता बघितलाय का कुणी सकाळी? मेट्रोचे खांब, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळायचं काम, त्यात जेएनपीटी बंदरातून गुजरातला जाणारे कंटेनर. गायमुख घाटात एक ट्रेलर बंद पडला की मागे सगळं गोठतं. मुलं बसमध्येच डबा खातात.

कळव्याची_पोर
तुम्हाला निदान बसमध्ये बसायला मिळतं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हा वाटलं की मेल-एक्स्प्रेस बाजूला गेल्या, आता लोकल वेळेवर धावतील. आजही गाडी उशिरा येते ती दारापर्यंत भरून, चढायला मिळत नाही. आमच्या ऑफिसात तीन लेट मार्कला एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, जाते. रेल्वेचा उशीर, रजा माझी.

ऐरोलीकर_७०८
सगळे रडतात. घोडबंदरला स्वस्त म्हणून फ्लॅट घेताना रस्ता दिसला नव्हता? अर्धा तास आधी निघा. शिस्त नावाची काही गोष्ट असते. आम्ही ठाणे-वाशी लाइन नव्हती तेव्हाही वेळेवर पोचायचो.

घोडबंदरची_आई
दादा, शाळेची बस मी चालवत नाही. ती ठरलेल्या वेळेलाच येणार. अर्धा तास आधी मूल रस्त्यावर उभं करू? आणि ट्रान्स-हार्बर, म्हणजे तुमची ती ठाणे-वाशी लाइन, सुरू झाली २००४ ला. तेव्हा कासारवडवलीत किती टॉवर होते ते आठवून बोला. स्वस्त म्हणून घेतलं, हो. ठाण्यात नौपाड्याला परवडतं कुणाला?

ऐरोलीकर_७०८
टॉवरला परवानगी दिली त्यांना विचारा. बरं, शाळेच्या बसचा मुद्दा मान्य. पण मोठ्यांनी रस्त्याकडे बोट दाखवून रोज उशिरा यावं हे मला पटत नाही, पटणारही नाही.

ओवळ्याचा_भाऊ
सकाळी आठला एकदा वाघबीळला येऊन उभे राहा, मग शिस्तीवर बोलू.

शब्दसाधक_ठाणे
रस्त्याचा धागा वेगळा काढा. बिलेटेड आणि ओव्हरड्यू यादीतून काढतो, मास्तरांचं ऐकून. टार्डी ठेवणार. मुलांनी अमेरिकन पुस्तकं वाचली की तो भेटणारच.

नौपाड्याचे_मास्तर
ठेवा, पण समोर वाक्य द्या, आणि ते कुठे चालतं, कुणाला लागतं तेही. नुसता शब्द पाठ केलेलं मूल उद्या आजीला टार्डी म्हणेल. ताई, डायरीत शेऱ्याखाली नुसती सही करू नका. इंग्रजीतच लिहा की बस डिलेड होती, विद्यार्थिनी थांब्यावर वेळेत हजर होती. बसच्या ताईंकडे चढण्याची वेळ लिहिलेली असते, ती जोडा.

घोडबंदरची_आई
लिहिते. आमच्या थांब्यावरच्या बाकीच्या आयांच्याही सह्या घेते. 'हॅबिच्युअली' खोडून मिळाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.