मदत हवी आहे : कापूस वेचणीच्या दिवसांतील मुलींची गैरहजेरी

नमस्कार. मी नागपूर जिल्ह्यातील हिंगणा तालुक्यात सहावी-सातवीला शिकवते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी ऐन भरात आली की काही मुली शाळेत येईनाशा होतात. आई सकाळीच शेतावर जाते आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी दुसरे कोणी नसते. मजुरी किलोवर मिळत असल्याने पालकांची अडचणही खोटी नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार या मुलींची नावे कमी करता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु ‘पाठवतो ना मॅडम’ एवढ्या उत्तरावर गृहभेट संपते. अंगणवाडीची वेळ शाळेशी जुळवून घेऊन, किंवा भावंडाला वर्गात बसू देऊन, कोणी हजेरी टिकवली आहे का? बुडालेला अभ्यास, विशेषतः अपूर्णांक, आपण कसा भरून काढता?