सर्वत्र मान्य असलेल्या समजुतीला नेमके काय म्हणावे?

प्रश्न: बहुसंख्य लोक जे खरे मानून चालतात, पण ज्याच्या खरेखोटेपणावर लिहिणाऱ्याला निकाल द्यायचा नाही, त्यासाठी मराठीत कोणता शब्द योग्य? ‘गैरसमज’ म्हटले की निकाल लागतो आणि ‘सत्य’ म्हटले तरी लागतोच.

प्रतिसाद १: मी ‘रूढ समज’ वापरतो. ‘सर्वमान्य’ म्हणजे कोणाचाच विरोध नाही, आणि असे फार क्वचित असते. ‘लोकमान्य’ अर्थाने जवळचा आहे, पण तो आता उपाधी म्हणूनच कानात बसला आहे.

प्रतिसाद २: ‘रूढ समज’ मलाही पटतो, कारण त्यात काळाला जागा आहे. जठरातील व्रण मुख्यतः मानसिक ताण आणि आम्लामुळे होतात, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानत होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकात त्यामागे जिवाणू असल्याचे दाखवले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० सालच्या डॉक्टरांच्या त्या मताला ‘अंधश्रद्धा’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण उपलब्ध पुराव्यांवरून त्यांनी तो निष्कर्ष काढला होता.

प्रतिसाद ३: ‘मिथक’ मात्र टाळावे. त्याचा मूळ रोख पुराणकथेकडे आहे, आणि माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो यासारख्या निखालस चुकीच्या विधानाला सरळ ‘गैरसमज’च म्हणावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. लेखात ‘रूढ समज’च ठेवतो.