जो लुईस खरा फायटर की नुसता पॉइंटवाला?

रणजित_क: काल इथे एकाने अमेरिकन कराटेपटू जो लुईसबद्दल लिहिलं, 'सात महिन्यांत ब्लॅक बेल्ट, एकाच किकचा धनी, शिवाशिवीच्या खेळातला चॅम्पियन.' पॉइंट कराटेत नेमका फटका बसला की पॉइंट देऊन लढत थांबवतात, म्हणून ती शिवाशिवी? डोकंच फिरलं. १९६६ला वॉशिंग्टनला तायक्वांदो शिक्षक जून री यांची राष्ट्रीय कराटे स्पर्धा त्याने पुढच्या पायाच्या साइड किकवर मारली, बरोबर. पण हा दुसरं काही करत नाही हे दिसत असूनही ती कुणाला अडवता आली नाही! तेव्हा ना हातात ग्लोव्ह, ना पायात पॅड. जून रींची फोमची संरक्षक साधनं सत्तरच्या दशकात आली. बरगडीवर बसलेली किक म्हणजे शिवाशिवी?

शोतोकान_नाशिक: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. सात महिन्यांत ब्लॅक बेल्ट कसला? आम्ही वर्षानुवर्षं काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, घासले. अशा उदाहरणांमुळेच गल्लोगल्ली बेल्टची दुकानं झालीत.

मुलीची_आई: दुकानंच! आमच्या मुलीच्या क्लासमध्ये दर तिमाहीला ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा. परीक्षक पूर्ण वेळ फोनवर. पोरीला माए-गेरी (समोरची किक) मारताना तोल सांभाळता येत नव्हता, तरी पास. प्लास्टिकच्या पिशवीत नवा बेल्ट, सर्टिफिकेटवर नाव चुकीचं. विचारलं तर म्हणाले, दुरुस्तीची फी वेगळी.

सेन्सेई_नव्हे: ताई, सगळे क्लास तसे नसतात. हॉलचं भाडं, मॅट, विमा कोण भरतं?

मुलीची_आई: भाडं मासिक फीतून घ्या ना. नापास करायची हिंमत नसेल तर परीक्षा कशाला घेता?

शोतोकान_नाशिक: हेच म्हणतोय मी. सुरुवात तिथूनच झाली.

रणजित_क: काहीही! लुईस अमेरिकेच्या मरीन दलात सैनिक होता, जपानच्या ओकिनावा बेटावर नेमणुकीला. एइझो शिमाबुकूंकडे शोरिन-र्यू ही तिथली कराटेशैली शिकला, त्याआधी वजनं उचलून अंग कमावलेलं. त्याची तुलना पिशवीतल्या बेल्टशी? लाज वाटली पाहिजे.

शोतोकान_नाशिक: लाज काढू नका. गुरू मोठा म्हणून सात महिन्यांची सात वर्षं होत नाहीत.

रणजित_क: नाही होत. म्हणून तर त्याने रिंगमध्ये उतरून दाखवलं. जानेवारी १९७०, लाँग बीच. पॉइंटमध्ये नाव कमावलेला माणूस, तरी ग्लोव्ह घालून ग्रेग बेन्ससमोर उभा राहिला आणि दुसऱ्या फेरीत नॉकआउट केलं. अमेरिकेतलं किकबॉक्सिंग तिथून धरतात. १९७४ला लॉस एंजेलिसमध्ये फ्रँक ब्रोडारला हरवून हेवीवेट जगज्जेता. हरायची भीती असणारा हे करतो?

सेन्सेई_नव्हे: मधल्या काळात तो ब्रूस लीकडेही शिकत होता. चॅम्पियन झाल्यावर पुन्हा शिकायला जाणं सोपं नसतं.

शोतोकान_नाशिक: बरं, बेन्सची लढत मान्य. माणूस फायटर होता. सात महिने मात्र मरेपर्यंत पटणार नाहीत.

मुलीची_आई: तुमचं मिटलं असेल तर नाशिकमध्ये नापास करणारा एखादा क्लास सांगा.