उमेदवार मतदारसंघातलाच हवा, अशी अट असावी का?

टिळकवाडीकर
2024 ला हुबळीचे जगदीश शेट्टर बेळगावातून खासदार झाले. त्यात बेकायदेशीर काही नाही. माझी तक्रार कायद्याबद्दल आहे. लोकसभेला देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की चालतं, विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही. सूचकांना, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्यांना, मात्र अशी सूट नाही. अपक्षाच्या अर्जावर सह्या करणारे दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार लागतात. दहाच सूचक दिले आणि त्यातला एक शेजारच्या मतदारसंघाचा निघाला, तर छाननीत अर्ज बाद. ही दहा सह्यांची अट 1996 च्या निवडणुकीनंतर आली. त्या वर्षी सीमाप्रश्नाच्या आंदोलनातून बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते. सही करणारा इथला लागतो, तर निवडून जाणाराही इथला हवा. अर्ज भरण्याआधी किमान एक वर्ष मतदारसंघाच्या यादीत नाव असावं. त्यासाठी घटनादुरुस्ती नको, घटनेच्या कलम 84 प्रमाणे संसद साध्या कायद्याने पात्रता ठरवू शकते.

खानापूरकर
तुमचा नियम खानापूरला लावून बघा की. आमचा तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड मतदारसंघाला जोडलेत. म्हणजे तिकडच्या शिरसीचा उमेदवार आमच्यासाठी 'स्थानिक' ठरणार. आणि खानापूरचा माणूस बेळगावातून उभा राहू पाहील तर तो 'बाहेरचा', मग त्याचं कोर्ट-कचेरी, बाजार, दवाखाना सगळं बेळगावात का असेना. मतदारसंघाची रेघ आणि लोकांचं जगणं इथे जुळतच नाही. ती रेघ पात्रतेची अट करू नका.

निपाणीकर_वकील
अंमलबजावणीचं बोलतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. छाननीत यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत दाखवली की 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 36(7) नुसार तो मतदार असल्याचा तो निर्णायक पुरावा. 'हा इथे राहतच नाही' ही हरकत निवडणूक निर्णय अधिकारी त्या टेबलावर तपासत बसत नाही. ती आधीच, यादीतल्या नावावर हरकतीचा फॉर्म 7 भरून, मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे घ्यावी लागते.

आता वर्षाची अट आली तर काय होईल? पक्षाला उमेदवार वर्षभर आधी ठाऊक असतो. भाडेकरार, हेस्कॉमचं वीजबिल आणि पत्ता बदलण्याचा फॉर्म 8, एवढ्यावर नाव इकडे येतं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 सांगतं की नुसतं घर मालकीचं असणं म्हणजे तिथला सामान्य रहिवास नव्हे. पण हे तपासणार कोण? बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) एकदा दारात येऊन जातो, त्या दिवशी कुलूप नसलं की झालं. अडकेल तो अपक्ष, ज्याने उभं राहायचं शेवटच्या दोन महिन्यांत ठरवलं.

राज्यसभेचा अनुभव समोर आहे. 2003 पर्यंत उमेदवार त्या राज्याचा मतदार लागायचा. मोठे नेते दुसऱ्या राज्यात पत्ता दाखवून नाव नोंदवत. शेवटी अटच काढली, आणि 2006 ला सुप्रीम कोर्टाने कुलदीप नय्यर खटल्यात तो बदल वैध ठरवला.

टिळकवाडीकर
खोटा पत्ता दिला तर त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. कायदा वापरत नाहीत म्हणून अटच नको, हे मला पटत नाही. खानापूरचा मुद्दा मात्र मान्य. मतदारसंघाऐवजी महसुली जिल्हा धरा. मग खानापूरचा माणूस बेळगावातून लढेल आणि हुबळीचा थांबेल.

खानापूरकर
आणि उत्तर कन्नड मतदारसंघाला कुठला जिल्हा धरणार, तो की बेळगाव? दोन्ही धरले तर शिरसीचा उमेदवार आहेच, एकच धरला तर आम्ही कायमचे बाद.

शिनोळी_रोड
सीमेवरची एक गोष्ट सुटते आहे. घर बेळगाव तालुक्यात आणि नाव अजून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या यादीत, अशी माणसं आहेत. त्यांना आजही कर्नाटक विधानसभा लढवता येत नाही, लोकसभा येते. नाव दोन्हीकडे ठेवणं 1950 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये बसत नाही, म्हणून आधी फॉर्म 8 ने नाव हलवा. हरकतींसाठी सात दिवस जातात आणि अर्ज भरण्याची मुदत संपली की यादी गोठते. शेवटच्या आठवड्यात धावणारे इथेच अडकतात. वर्षाची अट लागली तर बदली, लग्न किंवा शेतीच्या वाटणीमुळे सीमेच्या या बाजूला आलेल्या लोकांचीच एक निवडणूक हातची जाईल.

माझं म्हणणं, बंदी नको, माहिती द्या. उमेदवाराला अर्जासोबत द्याव्या लागणाऱ्या फॉर्म 26 च्या शपथपत्रात मतदारसंघ, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधीच लिहावा लागतो. 'या यादीत नाव कोणत्या तारखेपासून' हा एक रकाना वाढवा. शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जातंच, मतदार बघून ठरवतील.

टिळकवाडीकर
रकाना हवाच. पण पक्षाच्या चिन्हापुढे ती तारीख किती जण वाचतील? वर्षाच्या अटीवर मी अजून ठाम आहे.